कुणंगच्या देवाचं घड्याळ

सुपे, ता. ६ नोव्हेंबर १९११

आक्का,

वर 'सप्रेम नमस्कार' लिहिणार होते, पण तू रागात आहेस, उगाच आणखी चिडशील. तुझं पत्र दोन वर्षांनी आलं आणि त्यात इतकंच: 'बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. तुझं नाव घेतात. यायचं तर ये, आईच्या वेळेसारखं करायचं तर तसं कर.' खाली सही नाही. अक्षरावरून मी ओळखेन असं वाटलं असेल तुला. ओळखलं.

बाबांना सांग, तुळजा येते. कधी ते विचारू नको, मलाच ठाऊक नाही.

तू म्हणशील, सुप्याहून बैलगाडीनं लोंढा, लोंढ्याहून आगगाडीनं खानापूर, यात अवघड ते काय? काहीच नाही. घराच्या उंबरठ्यापर्यंतची वाट तेवढी अवघड आहे.

हे तुला कधी लिहिलं नाही. ह्यांची नजर गेली आहे. लांबचं दिसतं, नदीपलीकडचा बैल कुणाचा ते सांगतील, पण हातातली वस्तू दिसत नाही. गिऱ्हाइकानं घड्याळ पुढे केलं की खिशातलं भिंग काढून डोळ्याला लावतात, डबी उलटीसुलटी करतात आणि 'हं' म्हणतात. त्या 'हं'वर आमचं दुकान चाललं आहे. मग डबी आतल्या खोलीत माझ्याकडे येते.

घड्याळाचं यंत्र आम्ही उघडत नाही, ते बेळगावला जातं. आमच्याकडे नुसती वरची डबी. रानातली दमट हवा आणि घाम मिळून चांदीसुद्धा खातात. कॅसलरॉकचे गार्ड, लाकडाचे ठेकेदार, जंगलखात्याचे साहेब, सगळ्यांच्या डब्या येतात. झिजलेली कड भरायची, पोचे आतून शिसवी दांडीनं उचलायचे, बिजागरी ढिली झाली तर नवी नळी बसवायची, रिठ्याच्या पाण्यात धुऊन अकिकाच्या दगडाची ओपणी फिरवून चकाकी आणायची. बाबांना मुलगा नव्हता म्हणून त्यांनी आपल्या दोघींना शिकवलं. तू कंटाळून उठून जायचीस, मी बसून राहायचे. बसून राहणारीचं काय होतं ते बघ.

सुप्यात हे कुणाला ठाऊक नाही. सोनाराच्या शेगडीशी बाई बसते असं कळलं तर जातीत तोंड दाखवायला जागा नाही, असं हे म्हणतात. लोक दुकान सोडून जातील ते वेगळंच.

पत्र टाकण्याआधी ह्यांना वाचून दाखवावं लागतं. ह्या कागदावरून मी 'बाबांना आराम पडो, इकडे कामाची गडबड आहे' असं वाचणार आहे. वाचताना आवाज कापू नये म्हणून आताच मनात घोकून ठेवलंय.

तुळजा


सुपे, ता. २१ नोव्हेंबर १९११

आक्का,

तुझं उत्तर आलं. 'सबबी सुरेख लिहितेस.' तुझ्या जागी मी असते तर मलाही खरं वाटलं नसतं. ह्यांना मी 'कमलआक्का खुशाल आहे' एवढंच वाचून दाखवलं.

जेवताना विचारलं होतं मी. म्हटलं, "बाबा आजारी आहेत, भेटून येते."

"तू गेलीस तर दुकानात बसून मी काय माशा मारू?" हे म्हणाले.

"दुकान बंद ठेवा थोडे दिवस."

"लोक इचारतील, का बंद?"

"सांगा, बायको माहेरी गेली."

"मग म्हणतील, बायको माहेरी गेली तर सोनार का बसला न्हाई?"

आम्ही दोघं हसलो. मग मी चुलीकडे तोंड करून रडले आणि त्यांनी ताटातला भात चिवडला.

हे दुष्ट नाहीत. दुष्ट असते तर बरं झालं असतं, मी कधीच पळून गेले असते. मला कधी वेडंवाकडं बोलले नाहीत, हात उगारणं तर दूरच. बाहेर जाताना दाराला बाहेरून कडी घालतात, तीसुद्धा 'कुणी आत डोकावू नये म्हणून' असं समजावून सांगतात. आत बसून मला काळी नदीचं पाणी ऐकू येतं. ती मी शेवटची कधी पाहिली ते आठवावं लागतं.

आईच्या वेळचंही आता सांगते. तार आली होती. ह्यांनी शाळेतल्या नारायण मास्तरांकडून वाचून घेतली आणि खिशात ठेवली. रेल्वेच्या गार्डांच्या घड्याळांचं काम हातात होतं. तेरावं झाल्यावर मला सांगितलं आणि माझ्या पायाशी बसून रडले. मी त्यांना उठवून पाणी दिलं. माझ्या आईसाठी मला रडायला मिळालं ते त्यानंतर.

परवा मी एक युक्ती केली. म्हटलं, काम बिघडलं तर दुकानाचं नाव जाईल, नाव गेलं की मला धरून ठेवायचं कारण उरणार नाही. एका ठेकेदाराची डबी होती. मुद्दाम बिजागरी झाळ देऊन तिरकी जोडली. झाकण कण्हत उघडायचं. ठेवून दिली आणि भाकऱ्या थापायला बसले. एक भाकरी झाली, दुसरी करपली. तवा उतरवला, आत गेले, बिजागरी उकलली आणि सरळ करून पुन्हा झाळली. ठेकेदार खूश होऊन गेला.

मला कडीपेक्षा ह्या हातांचा राग येतो.

तुळजा


सुपे, ता. ५ डिसेंबर १९११

आक्का,

बाबांचं बोलणंही आता कळेनासं झालंय, असं लिहिलंस. मी वाचलं आणि त्याच दिवशी दुकानात एक माणूस आला. देवानं धाडला म्हणावं तर देवाचंच काम घेऊन आला.

म्हादू गावकर त्याचं नाव. बाजारकुणंगच्या बाजूच्या रानातल्या वाडीचा कुणबी. पानात गुंडाळलेली डबी त्यानं ह्यांच्या पुढ्यात ठेवली. मी दाराआडून ऐकत होते.

"सोनारानू, हळू धरा. ह्ये देवाचं हाय."

त्याच्या बापाच्या वेळी मोजणीचा एक गोरा साहेब त्यांच्या वाडीत तापानं मेला. त्याला त्यांनी पुरलं. साहेबाचं घड्याळ न्यायला त्याचं कुणी माणूस आलं नाही, म्हणून राईतल्या देवाच्या दगडापाशी ठेवलं. तेव्हापासून देवाच्या भांड्यांबरोबर ते चिंच आणि राखेनं घासतात, कुंकू लावतात. घासून घासून आता झाकणाला भोक पडलंय.

"खंडित वस्तू देवाम्होरं चालत न्हाई," म्हादू म्हणाला. "बुजवून द्या. पर आमची एक चाल हाय. ज्येच्या हातानं बुजलं त्येनंच यिऊन देवाच्या पायाशी ठेवायचं. मग दगडाला दोन्हीकडं पाकळ्या चिकटवून कौल लावतो. उजवी पाकळी पडली तर देवानं घेतलं. डावी पडली तर हात त्येचा न्हवं."

ह्यांनी भिंग डोळ्याला लावून 'हं' म्हटलं. तो 'हं' नेहमीचा नव्हता.

डबी आत आली. खिशात वापरलेली डबी कडांना आणि पाठीवर झिजते, जिथे अंगठा लागतो तिथे खळगा पडतो. ही मात्र सगळीकडून सारखी पातळ, पिंपळाच्या वाळक्या पानासारखी. नक्षी होती कधीतरी, आता बोटालाही लागत नाही. बिजागरीच्या सांध्यात कुंकू इतकं गच्च बसलंय की पिन निघायला सकाळ गेली.

म्हादू गेल्यावर हे आत आले.

"परत दिऊया का गं?"

"देवाची वस्तू हातात घेतली. तशीच परत द्यायची?"

"मग देवाम्होरं खोटं कसं बोलू मी?"

"मग खरं बोला," मी म्हटलं.

ते बाहेर जाऊन बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं की ह्या घरात मी एकटीच कोंडलेली नाही. बरं वाटलं, आणि वाटलं याची लाजही वाटली. बाबांना पाणी पाजताना माझं नाव सांगून पाज.

तुळजा


सुपे, ता. २२ डिसेंबर १९११

आक्का,

झाकण झालं. एरवी भोकावर आतून पत्रा ठेवून झाळ दिली की झालं. पण ह्या झाकणाचा पत्रा एवढा पातळ की आच लागताच बाकीचं झाकणही वितळून गोळा होईल. मग भोकाभोवतालचं सगळं झाकण ओल्या मातीत बसवलं, नुसतं भोक उघडं ठेवलं, त्यावर चांदीचा तुकडा ठेवला, आणि टाकणखार घालून फुंकणीनं थोडी थोडी आच देत गेले. एकदा कड लाल होऊन थरथरली तेव्हा फुंकणी झटकन बाजूला घेतली. नंतर माती धुतली. आता कुठे भोक होतं ते बोटाला कळत नाही. नक्षी मी घातली नाही. जी कुणी आठवणीत ठेवलेली नाही ती मी आपल्या मनानं कशी काढू? नुसता ओप दिला.

ह्यांनी डबी हातात घेतली, अंगठा फिरवला. म्हणाले, "तुझ्या बापालाबी जमलं नसतं." त्यावर मला आनंद झाला हे तुला लिहायला नको, पण झाला.

म्हादू निरोप देऊन गेलाय. पुढच्या आठवड्यात कौल. हे ह्या दिवसांत नीट जेवत नाहीत. काल म्हणाले, "तूबी चल. सैपाकाला कुणीतरी पायजे." कुणब्यांची अख्खी वाडी रांधून वाढायला असताना ह्यांना स्वयंपाकीण हवी. मी हो म्हटलं.

आता नीट ऐक. मी म्हादूला दाराआडून विचारून घेतलंय. त्यांच्या वाडीवरून रानातून एक वाट कॅसलरॉक स्टेशनला जाते. त्याची आई पारू त्या वाटेनं बांबूच्या सुपल्या विकायला जात असते. कॅसलरॉकला गाडीत बसलं की लोंढ्यावरून थेट खानापूर. एकदा त्या राईपर्यंत पोचले की मी परत कडीच्या आत येणार नाही. बाबांना म्हणावं, थोडा दम धरा.

ह्या कागदावरून मी काय वाचून दाखवणार ते अजून ठरलेलं नाही. पापडाची कृती वाचावी म्हणते.

तुळजा


कॅसलरॉक स्टेशन, ता. २९ डिसेंबर १९११

आक्का,

मी स्टेशनात बसले आहे. गाडीला वेळ आहे. मी येणारच आहे, तर पत्र कशाला असं म्हणशील. हे टपालात पडलं की मला मागे फिरता येणार नाही, म्हणून. अजूनही मला माझी खात्री नाही.

सकाळी राईत कौल लावला. मोठ्या झाडाखाली काळा दगड, त्याला दोन्ही अंगांनी ओल्या पाकळ्या चिकटवलेल्या. वाडी जमली होती. ह्यांनी डबी दोन्ही हातांत धरून दगडाच्या पायाशी ठेवली. म्हादूनं गाऱ्हाणं घातलं, "देवा, ह्या हातानं तुझं काम झालं असंल तर उजवी दे."

आम्ही सगळे दगडाकडे बघत राहिलो. मग पाकळी पडली. डावी.

इतक्या जवळची ती ह्यांना दिसली नाही. काहीतरी हललं, लोक हलले, एवढं त्यांना कळलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. हात जोडून मोठ्यानं म्हणाले, "पडली. देवानं घेतलं. मी सांगतच होतो, माझ्याच हाताचं काम हाय."

आक्का, इतकी माणसं आणि एकानंही तोंड उघडलं नाही. त्यांना दोन गोष्टी एकाच वेळी कळल्या होत्या, हा सोनार खोटं बोलतोय आणि ह्या सोनाराला जवळचं दिसत नाही. हे हसत उभे होते. मला त्यांचा राग यायला हवा होता. मला त्यांच्या अंगावर काहीतरी पांघरूण घालावंसं वाटलं.

मी पुढे झाले आणि कानाशी म्हटलं, "डावी पडली."

हसू जायला वेळ लागला. मग ते खालीच बसले, पालापाचोळ्यात. म्हणाले, "म्हादू, हात माझा न्हवं. हिचा हाय. सगळ्या डब्या हिच्या हायत."

मला वाटलं, आता बाईचा हात लागला म्हणून गलका होणार. म्हादूनं आईकडे पाहिलं. पारू म्हातारी म्हणाली, "मग आदी सांगायचं न्हाई व्हय? सकाळधरनं उपाशी बसीवलंत आमाला."

डबी माझ्या हातात दिली. मी ठेवली. उजवी पाकळी लगेच पडली. मी आनंदानं रडले असं तुला वाटेल. मला नुसता थकवा आला. देवाला कळायला एक पाकळी पुरली, माणसांना इतकी वर्षं लागली.

जेवणं झाल्यावर मी ह्यांना सांगितलं, मी इथूनच खानापूरला जाते. ते म्हणाले, "जा." म्हादूचा भाऊ त्यांना सुप्याला पोचवतोय. वळताना बघितलं तर ते पायानं वाट चाचपत होते, मान मात्र ताठ ठेवून. पारूनं माझा दंड धरला आणि म्हणाली, "म्हागं बघू नगं, बाय. बघितलंस तर जाशील." मी बघितलं नाही. अजून मानेत दुखतंय.

तुळजा


खानापूर, ता. २ फेब्रुवारी १९१२

सुप्याचे गोपाळ सोनार यांना, तुळजाकडून,

हे पत्र नारायण मास्तर तुम्हाला वाचून दाखवतील. मास्तर, मध्ये काही गाळू नका, ह्यांना ऐकायची ताकद आहे.

मी पोचले तेव्हा बाबा जिवंत होते. मी त्यांच्या खाटेशी बसले. त्यांनी मला ओळखलं. डाव्या हातानं माझा हात धरला, चेहऱ्याकडे बघितलं नाही, बोटं एकेक करून चाचपली, अंगठ्याचा घट्टा दाबून पाहिला. मला वाटलं, लेकीचा हात धरलाय. मग त्यांनी त्याच हातानं खाटेखाली खूण केली. तिथे टोपली होती. टोपलीत डब्या. झटका आल्यापासून पडून राहिलेल्या, दोन महिन्यांपासून गिऱ्हाइकं खेपा घालत असलेल्या. ते काहीतरी बोलले. मला कळलं नाही. आक्काला कळत होतं. ती खाली मान घालून म्हणाली, "आधी साहेबाची कर, म्हणतात."

माझं नाव घेत होते ते याचसाठी.

मी आक्काला विचारलं, तू मला हे का लिहिलं नाहीस. ती म्हणाली, "कामासाठी ये असं लिहिलं असतं तर आली असतीस?" तिचंही चुकलं असं मला म्हणता येत नाही. ती विधवा, बाबांच्या शेगडीवर तिचं जेवण. शेगडी विझली की ती कुठे जाणार?

शेगडीशी आसन मांडलेलं होतं. हत्यारं पुसून ठेवली होती. माझे हात नुसते बघूनच शिवशिवले, खोटं कशाला सांगू. पण मी बसले नाही. बाबांना म्हटलं, "मी तुम्हाला भेटायला आले आहे." ते टोपलीकडे बोट दाखवत राहिले. मी तोंड पुसलं, पेज भरवली, पाय चेपले, लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. आक्का म्हणाली, "एक तरी कर गं, त्यांच्या समाधानासाठी." एक केली असती तर त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं, हे मला ठाऊक होतं. मी केली नाही. तसेच भिंतीकडे तोंड करून ते तीन आठवड्यांपूर्वी गेले.

तेव्हापासून मी रोज स्वतःला विचारते की हे मी बरोबर केलं का. पण त्यांच्या शेवटच्या दिवसांत त्यांच्याजवळ एक मुलगी बसली होती, कारागीर नव्हता, एवढं मी त्यांना दिलं. त्यांना ते नको होतं, तरी दिलं.

तेरावं झाल्यावर टोपलीतल्या डब्या आता मी एकेक करून घेते आहे. दिवसाउजेडी, ओसरीवर, रस्त्याकडे तोंड करून. लोक थांबून बघतात. काल एक म्हातारा बराच वेळ उभा राहिला आणि शेवटी आपली तपकिरीची डबी पुढे केली. आक्का शेजारी बसून ओप द्यायला शिकते आहे. अजून कंटाळते.

तुमच्यावर माझा राग आहे. आईच्या तारेचा आहे, कडीचा आहे. आणि राईत तुम्ही सगळ्यांसमोर बोललात तेही माझ्या मनातून जात नाही. दोन्ही एकत्र ठेवायला मला अजून जमत नाही, म्हणून वेगवेगळं लिहिते आहे.

मला न्यायला येऊ नका, वाटेत कुठेतरी पडाल. टोपली संपली की मी माझी येईन. आले तर दुकानात पुढे बसेन, तुमच्या शेजारी. गिऱ्हाईक माझ्या हातात डबी देईल आणि 'हं' मी म्हणेन. हे चालत असेल तर कळवा.

चालत नसेल, तर मास्तरांना लिहायला बसवू नका.

तुळजा